मोटरहोम ८० च्या पुढे भरकटतं आणि मागून डोलतं: स्टिअरिंग डॅम्पर लावावा की आधी दुसरं काही बघावं?

लांबपल्ला

कटअवे चॅसिसवर (कारखान्यातून केबिन आणि मागे उघडी चौकट एवढंच येतं) बांधलेलं मोटरहोम आहे. लांबी ७.७ मीटर, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ४ मीटर, मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे २.८ मीटर ओव्हरहँग. पुढे ट्विन आय-बीम (प्रत्येक चाकाला वेगळी आडवी तुळई) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे आणि दुहेरी चाकं. स्टिअरिंग बॉक्स रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचा (गोळ्या आणि दात्यांमधून जोर पोचवणारा).

तक्रार अशी की ८०-९० च्या वेगात गाडी सरळ राहत नाही. स्टिअरिंगला सतत डावीकडे-उजवीकडे हात मारावा लागतो. शेजारून ट्रक गेला की आधी मागचा भाग ढकलला जातो आणि मग दोन-तीन हेलकावे खातो. एका ठरावीक बाजूला ओढत नाही, ब्रेक मारतानाचा किंचित डावा ओढा सोडला तर.

पूर्ण सामान, भरलेली पाण्याची टाकी आणि माणसांसकट काट्यावरचं वजन: पुढचा अ‍ॅक्सल १,६५० किलो, मागचा ४,१५० किलो, एकूण ५,८००. परवानगी अनुक्रमे २,२७०, ४,३५० आणि ६,५७० किलो. मागच्या अ‍ॅक्सलची डावी बाजू २,१९०, उजवी १,९६०.

टायर एलटी २२५/७५ आर १६, ई लोड रेंज (जड भाराचा वर्ग), सहाही चाकांत ८० पीएसआय हवेचा दाब. दारावरच्या पट्टीवर पुढे ६५, मागे ८० लिहिलंय. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन बसवल्याचा, कागद (गाडी रिकामी असताना केलेली): कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) डावा +२.६, उजवा +२.९ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) +०.४ आणि +०.६, एकूण टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत) शून्य. मागच्या रॅकवर १३० किलोची स्कूटर असते, रॅकचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलपासून ३.१ मीटरवर.

मध्यावर परत आणणारी स्प्रिंग असलेला स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) घ्यायचा विचार आहे. त्याने काम होईल का? आणि नसेल तर कुठून सुरुवात करावी?

काटामाप

डॅम्पर आत्ता घेऊ नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच निम्म्याहून जास्त उत्तर आहे.

परवानगीच्या आत आहे म्हणून वजन ठीक आहे असं होत नाही. तुमच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर एकूण वजनाच्या जेमतेम २८ टक्के आहे. पुढची चाकं हलकी असली की त्यांना रस्त्यावर पकडच मिळत नाही आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी उशिरा ऐकते. याचं मुख्य कारण स्कूटर. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेलं वजन तरफेसारखं पुढचं टोक उचलतं. हिशोब सोपा आहे: वजन गुणिले अ‍ॅक्सलपासूनचं अंतर, भागिले व्हीलबेस. १३० × ३.१ ÷ ४ म्हणजे सुमारे १०१ किलो पुढून कमी होतात, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १३० नाही तर २३१ किलो पडतात.

पाण्याच्या टाकीचंही असंच. ती कुठे आहे आणि किती लिटरची आहे?

दुसरी गोष्ट टायरची. या मापाच्या ई रेंज टायरची दुहेरी जोडीत ८० पीएसआयला क्षमता टायरमागे १,१२० किलो आहे, म्हणजे एका बाजूच्या जोडीची २,२४०. तुमची डावी बाजू २,१९० वर आहे. जोडीतल्या एका टायरची हवा थोडी जरी कमी झाली, तरी दुसऱ्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार जातो. अ‍ॅक्सलचा आकडा बघून हे कळत नाही, म्हणून प्रत्येक बाजू वेगळी मोजायची असते. तुम्ही मोजलीत हे फार चांगलं केलंत.

आणि पुढे ८० पीएसआय कशाला? पुढच्या प्रत्येक टायरवर साधारण ८२५ किलो आहे. एकेरी टायरची ८० ला क्षमता १,२१५ किलो. इतकी जास्त हवा भरली की टायर मधोमध टेकतो, रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे जातो आणि स्टिअरिंग सतत इकडे-तिकडे होतं. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा हा त्या टायरच्या कमाल भाराचा असतो, तुमच्या गाडीसाठीचा नसतो. पट्टीप्रमाणे पुढे ६५ करा, पहाटे थंड टायरवर मोजून. तापलेल्या टायरमधून हवा कधीच सोडायची नाही. हवामान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब सुमारे २ टक्के बदलतो, एवढं धरून चला. मागचे ८० तसेच राहू द्या.

लांबपल्ला

टाकी १५० लिटरची, मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि बॅटऱ्या सगळं डावीकडे.

काटामाप

मग टाकीत ४० लिटर ठेवून गाडी चालवा आणि मुक्कामाजवळ पोहोचल्यावर भरा. ११० किलो कमी झाले की पुढे ३३ किलो परत येतात, मागचे १४३ उतरतात. स्कूटरही काढलीत तर पुढे साधारण १,७८४ आणि मागे ३,७७६ होईल, म्हणजे पुढे ३२ टक्के. एकही सुटा भाग विकत न घेता एवढा फरक पडतो. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं हे खरं, पण टाकीत आडवे पडदे असतील तर ४० लिटरचा त्रास जाणवत नाही.

डब्यांचं, हत्यारांचं, खुर्च्यांचं सामान उजवीकडे आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधल्या कप्प्यांत हलवा. स्कूटर न्यायचीच असेल तर ती छोट्या ट्रेलरवर घ्या. हुकवर पडणारा खालचा भार तिच्या पूर्ण वजनापेक्षा खूप कमी असतो. मात्र हुकची आणि चॅसिसच्या वाढवलेल्या भागाची क्षमता आधी तपासा. ओव्हरहँगसाठी वेल्डिंग करून वाढवलेली चॅसिस अनेकदा मूळ चॅसिसइतकी भक्कम नसते.

हे सगळं झाल्यावर पुन्हा काट्यावर जा. अलाइनमेंट त्यानंतर.

घोडीवाला

वजनाचं वर आलं आहेच, मी खालून काय बघायचं ते सांगतो. प्ले (सांध्यांत ढिलाई) असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण मशिनवर बसवलेला कोन रस्त्यावर टिकतच नाही.

दोन माणसं लागतील. गाडी सपाट जागेवर, पुढची चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके लावलेले. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग मध्यापासून दोन्ही बाजूंना १०-१५ सेंटिमीटर हलवत राहायचं, आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटांना लागते. वरून खाली क्रमाने जा: कॉलमखालच्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, बॉक्सचा वरचा शाफ्ट आणि खालचा शाफ्ट, पिटमन आर्म (खालच्या शाफ्टवरचा हात), ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारा दांडा), टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं. वरचा शाफ्ट फिरतो पण खालचा उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये. स्टिअरिंग फिरतं पण बॉक्सचा वरचा शाफ्टच उशिरा हलतो, तर प्ले वरच्या जॉइंटमध्ये. बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसिसला धरलाय ते बघा आणि त्यांच्या आजूबाजूचा पत्रा पुसून तडा आहे का तेही बघा. बॉक्सच हलत असेल तर आत कितीही सारखं करा, काही होणार नाही.

मग पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा: प्ले गेला तर हब बेअरिंग सैल आहे, राहिला तर बॉल जॉइंट (किंवा ज्यांच्या गाडीत किंग पिन आहे त्यांची किंग पिन). डावी-उजवी कड धरून हलवल्यावर प्ले असेल तर टाय रॉड.

तुम्ही ब्रेक मारताना डावीकडचा ओढा लिहिलाय. ब्रेक कॅलिपर अडकतो का ते बघाच, पण आय-बीम गाडीत रेडियस आर्मचे (बीमला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आधी बघा. ते फाटले की ब्रेक दाबताच बीम मागे सरकतो, त्या बाजूचा कॅस्टर बदलतो आणि गाडी त्याच क्षणी वळते. प्राय बारने आर्म पुढे-मागे करून बघितलं की रबर उघडं पडतं.

मागे पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी कडी). हे बहुतेकजण बघतच नाहीत. बुश ढिले असले की मागचा अ‍ॅक्सल थोडा तिरका होतो आणि मागची चाकं स्वतःच गाडी वळवायला लागतात. चालवणाऱ्याला मात्र वाटतं की पुढेच काहीतरी बिघडलंय.

बॉक्सच्या वरच्या स्क्रूला एवढ्यात हात लावू नका, सगळं झाल्यावर सांगतो.

लांबपल्ला

तपासलं. सापडलेलं असं: स्टिअरिंगच्या कडेवर मोकळा प्ले सुमारे ४ सेंटिमीटर, त्यातला बराचसा शाफ्टच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये. डाव्या रेडियस आर्मचं मागचं बुश फाटलंय. मागच्या अँटी-रोल बारच्या बुशमध्ये ३-४ मिलिमीटर फट. बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग ठीक. पाट्यांचे बुश कडक आहेत पण फाटलेले नाहीत. मागे आडवा रॉड (पॅनहार्ड) मुळातच नाही.

घोडीवाला

तो शाफ्ट बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. जॉइंटमध्ये एवढा प्ले म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया झिजून क्रॉस खायला लागलाय. पूर्ण शाफ्ट बदला, वेल्डिंगचा जुगाड नको. काढण्यापूर्वी दोन्ही टोकांना रंगाची खूण करा आणि स्टिअरिंग दोरीने सीटला बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळी वायर तुटते. पिंच बोल्ट नवा वापरा आणि पुस्तिकेतल्या टॉर्कवर कसा.

रेडियस आर्मचे बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर डावा-उजवा कॅस्टर सारखा राहणार नाही.

आता बॉक्स. या पद्धतीच्या बॉक्समध्ये दाते बरोबर मध्यावर घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल असतात. गाडी सरळ चालताना बॉक्स त्या मध्यावरच असला पाहिजे. कुणी टो न सारखा करता नुसतं स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवलं असेल, तर गाडी कायम सैल भागावर चालते आणि कितीही पार्ट बदलले तरी भरकटते. तपासायला ड्रॅग लिंक सोडवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. तिथे चाकं सरळ आणि व्हील सरळ नसेल तर ड्रॅग लिंकच्या स्लीव्हवर सारखं करायचं.

तरीही मध्यावर प्ले उरला तरच वरचा स्क्रू. लॉकनट ढिला करा, स्क्रू एका वेळी एक-अष्टमांश वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नका, लॉकनट आवळून मोकळ्या जागेत चालवून बघा. वळणानंतर व्हील आपोआप मध्यावर यायलाच हवं. येत नसेल तर जास्त आवळलंय, लगेच मागे घ्या. जास्त आवळलेला बॉक्स मध्यावर चिकटतो, चालक त्याला जोर देऊन सोडवतो, मग गाडी गरजेपेक्षा जास्त वळते. भरकटणं वाढतं आणि दातेही खराब होतात.

पाटाबुश

मागच्या डोलण्याबद्दल. इथे दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

गाडी कलते, म्हणजे वळणावर किंवा खड्ड्यात छत एका बाजूला जातं: हे काम अँटी-रोल बारचं. आधी तुमचे ३-४ मिलिमीटर फटीचे बुश आणि लिंक बदला. तेवढी फट भरेपर्यंत बार काही करतच नाही, गाडी कलून गेल्यावर मग तो धरतो. नव्या पॉलियुरेथेन बुशला सोबत येणारंच ग्रीस लावा, नाहीतर करकर सुरू होते. जाड बार हवाच असेल तर लक्षात ठेवा की कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३२ मिलिमीटरचा बार ३८ चा केला तर तो जवळपास दुप्पट कडक होतो. फक्त मागेच इतका कडक बार टाकला तर ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटू शकतात, म्हणून पुढच्याचाही विचार बरोबर करायचा.

गाडी आडवी सरकते, म्हणजे ट्रकने ढकललं की शरीर अ‍ॅक्सलवरून बाजूला जातं आणि परत येतं: तुमचं हेलकावे खाणं मुख्यतः हे आहे. पाटे आणि शॅकल आडव्या दिशेने लवचीक असतात. याला अँटी-रोल बार काहीच करत नाही, पॅनहार्ड रॉड लागतो. रॉड शक्य तितका लांब असावा आणि गाडी भरलेली असताना जमिनीला समांतर असावा. तिरका बसवला तर प्रत्येक उंचवट्यावर तोच अ‍ॅक्सलला बाजूला ढकलेल. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या अ‍ॅक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाट्यांच्या बुशलाही हेच लागू.

शॉकअप तेल गाळत असतील किंवा उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा वर-खाली होत असेल तर चारही बदला.

मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या एअर बॅगबद्दल (अपघातातल्या एअरबॅग नव्हे) कुणी सुचवण्याआधीच सांगतो. बसलेला मागचा भाग उचलायला चांगल्या, पण त्यांनी अ‍ॅक्सलची किंवा टायरची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. डाव्या-उजव्या बॅगची नळी वेगळीच हवी. टी जोडून एक केली तर वळणावर दाबली गेलेली बॅग आपली हवा दुसरीकडे ढकलते आणि गाडी आणखी कलते. रिकाम्या ठेवू नका, बनवणाऱ्याने दिलेला किमान दाब ठेवा, नाहीतर रबर चिमटलं जातं. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असतो, तिथे बॅग फुगवून मागचा भाग उचलला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. अशा गाडीत व्हॉल्व्हची दांडी पुन्हा सेट केल्याशिवाय बॅग लावणं धोक्याचं आहे.

तुमचा मागचा भाग स्कूटर उतरवल्यावर आपोआपच वर येईल, बहुधा बॅगची गरज पडणार नाही.

काटामाप

यात भर: मागची उंची बदलली की कॅस्टर बदलतो. ४ मीटर व्हीलबेसवर मागचा भाग ४० मिलिमीटर वर आला की कॅस्टर साधारण ०.६ अंशाने कमी होतो. तुमचा आधीच २.६ आहे. म्हणून उंची आधी पक्की करायची, अलाइनमेंट शेवटी.

सरळरेघ

वर डॅम्परला सरळ नकार दिलाय, मला तो पूर्ण पटत नाही. सगळं दुरुस्त झाल्यावर मध्यावर आणणारा डॅम्पर जड मोटरहोमला उपयोगाचा आहे, विशेषतः पुढचा टायर फुटला तर. त्या क्षणी फुटलेलं चाक स्टिअरिंग जोरात आपल्या बाजूला खेचतं आणि स्प्रिंगची मदत हाताला मिळते. पण आत्ताच लावलात तर तुमच्या शाफ्टचा प्ले झाकला जाईल आणि तो जॉइंट तुटेपर्यंत कळणार नाही. त्यामुळे क्रमाबद्दल मी वरच्यांशी सहमत आहे.

लावताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा आणि दोन्हीकडे डॅम्परच्या दांड्यात थोडा प्रवास शिल्लक आहे ना ते बघा, गाडी चाकांवर असताना आणि पुढचा भाग उचलून चाकं लटकत असतानाही. डॅम्परच जर स्टिअरिंगचा अडथळा बनला तर ब्रॅकेट वाकतो किंवा टाय रॉड. मध्य सपाट, वाऱ्याविना रस्त्यावर लावायचा. दर वेळी नव्याने मध्य लावावा लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

टायर फुटल्यावर ब्रेक दाबायचा नाही, मन कितीही म्हणालं तरी. क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर तसाच किंवा थोडा जास्त ठेवा, त्याने गाडी सरळ राहते. दोन्ही हातांनी सरळ धरा, मग पाय हळूहळू उचला आणि वेग चांगला उतरल्यावरच हलका ब्रेक आणि कडेला. क्रूझ कंट्रोल लावलेला असेल तर तोही ब्रेकने नव्हे, बटणाने काढा.

टायरचं वय बघा. कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर नक्षी झिजण्याआधी वयाने जातात. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, दहाव्या वर्षानंतर नक्षी नवी दिसत असली तरी ठेवू नका. आतल्या दुहेरी चाकाचा दाब मापकानेच घ्या. हातोडी मारून आवाजावरून कळतं असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. वीस पीएसआय कमी असलेलं चाकही तसंच वाजतं. चाकं काढून लावली असतील तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने बघा.

ट्रक ओलांडतो तेव्हा आधी त्याच्या पुढची हवा तुम्हाला बाहेर ढकलते, आणि तो पुढे सरकला की मागची पोकळी आत खेचते. पहिल्या धक्क्याला पूर्ण उत्तर दिलं तर दुसरा धक्का आणि तुमचा हात एकाच दिशेला जातात. थोडंसंच धरा, पाय किंचित उचला. आडवा वारा असेल तर ९० वरून ७५ वर या. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, तुमच्या स्वतःच्या वेगामुळे येणारा भाग तेवढ्यातच सुमारे ३० टक्के उतरतो.

लांबपल्ला

शाफ्ट आणि रेडियस बुश आधी, मग बारचे बुश आणि पॅनहार्ड. एकच प्रश्न राहिला. अलाइनमेंटवाला म्हणतो की सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात आहेत, आणखी काही करायची गरज नाही. त्याला नेमकं काय सांगू?

काटामाप

हिरवा पट्टा रुंद असतो, आणि रिकाम्या कटअवेवर मोजलेला आकडा तुमच्या भरलेल्या गाडीचा नसतो. त्याला हे सांगा: गाडी प्रवासाला निघते तशी भरलेली असेल, टाकीत ४० लिटर, टायरचा दाब बरोबर केलेला. कॅस्टर दोन्हीकडे +४.५ ते +५ अंश, दोघांत फरक अर्ध्या अंशाच्या आत. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, त्यामुळे रस्त्याच्या उतारासाठी थोडा फरक ठेवायचा तर तो उताराकडच्या बाजूला जास्त कॅस्टर देऊन. कॅम्बर शून्याजवळ. तुमच्या आय-बीमला हे दोन्ही कोन वरच्या बॉल जॉइंटच्या बुशने सारखे होतात. मूळ बुश एकाच कोनाचं असतं, म्हणून आधीच सांगून फिरवता येणारं मागवून ठेवा. तो ‘यात कॅस्टर बदलता येत नाही’ म्हणाला तर त्याच्याकडे ते बुश नाही, एवढाच त्याचा अर्थ.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅस्टर-कॅम्बर हलवलं की तो बदलतो. एकूण टो-इन १.५ ते ३ मिलिमीटर. शून्य ठेवला तर चालताना रस्त्याचा रोध चाकं मागे ओढतो, सांधे थोडे दबतात आणि चाकं बाहेर उघडतात. तुमची आत्ताची अवस्था तीच आहे. टो बसवताना इंजिन चालू ठेवून व्हील दोन-तीनदा हलवून मध्यावर सोडायचं आणि मगच कुलूप लावायचं. बंद इंजिनवर लावलं तर पॉवर स्टिअरिंगचा व्हॉल्व्ह एका बाजूला दबलेला राहतो आणि व्हील वाकडं बसतं. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या.

घोडीवाला

आणि कागद मिळाल्यावर टाय रॉडच्या स्लीव्हचे क्लॅम्प आवळलेत का ते स्वतः खाली वाकून बघा. क्लॅम्पची फट स्लीव्हच्या चिरेवर नसावी, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बोल्टचं टोक कुठेही घासत नाही ना, तेही बघा.